गोडबोलीचे मार्क

"आजी, तुमचं पोट दुखतंय. पाय हलवत गुणगुणू नका," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"माझं कुठे दुखतंय? तुम्ही सांगितलंय म्हणून दुखतंय," मी म्हटलं. "आणि पलंग केवढा उंच हा! खोट्या दुखण्याला बोलावून खरं कंबरडं मोडाल माझं."

भिंतीला लागून बसलेले डॉक्टर हसले. सूनबाई तेवढी हसली नाही. मान खाली घालून पेनाचं टोपण काढत-लावत बसली होती.

माझी सून या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे आणि शिकाऊ डॉक्टरांना शिकवते. या शिकवणाऱ्यांनाच शिकवायला मास्तरीणबाई आल्या होत्या. शिकाऊ डॉक्टर रोग्याला तपासताना त्याच्याकडे कसं बघायचं, मार्क कसे द्यायचे, चुकला तर तोंडावर कसं सांगायचं, हे म्हणे शिकवावं लागतं. मी शाळेत तिसरीपर्यंतच गेले, पण आमच्या मास्तरांना हे कुणी शिकवल्याचं ऐकलं नाही. चूक पाठीवरच कळायची.

सरावासाठी खोटा रोगी हवा होता. सूनबाई म्हणाली, "आमच्या आईंना बोलायला आवडतं." इतक्या वर्षांत माझ्याबद्दल तिने काढलेला सगळ्यात कडक शब्द हाच.

तिचं सगळं असंच. भाजी खारट झाली तरी "छान झालीय, आई." मोलकरीण चार दिवस आली नाही तरी "असेल काहीतरी अडचण." नुसती गोगलगाय! गेल्या परीक्षेत हिने झाडून सगळ्यांना पास केलं. तेव्हा मोठे साहेब म्हणाले, या शिबिरातही असंच केलंत तर परीक्षेच्या खोलीत तुम्हाला बसवणार नाही. हे मला मुलाकडून कळलं. ही कशाला सांगतेय! रात्री एकटीच गॅलरीत उभी होती. मी मनात म्हटलं, झालं, घालवली खुर्ची. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मला पढवलं होतं ते असं. पोटात जळजळ होते आणि चक्कर येते, एवढं आपण होऊन सांगायचं. दोन गोष्टी मात्र विचारल्याशिवाय बोलायच्या नाहीत. गुडघ्यांसाठी रोज दुखण्याच्या गोळ्या खाते आणि शौचाला डांबरासारखं काळं होतं. म्हणजे पोटात रक्त जातंय, मास्तरीणबाईंनी समजावलं. विचारलं नाही तर बाई औषध घेऊन घरी जाणार आणि मरणार.

पहिला शिकाऊ डॉक्टर आला तो फौजदारच. बसला नाही, हसला नाही.

"कधीपासून दुखतंय? उलटी? शौचाचा रंग?"

"अहो, एवढी माणसं बसलीत समोर!"

"आजी, रंग सांगा."

सांगितला. गोळ्यांचंही खोदून खोदून विचारलं. पोट असं दाबलं की जणू कणीक तिंबतोय. "भरती व्हावं लागेल," म्हणाला आणि चालता झाला. बाईमाणसाशी बोलायची ही रीत?

मग आली गोडबोली. खुर्ची ओढून जवळ बसली, माझा हात हातात घेतला. "आजी, घाबरलात ना? मी आहे." पाठीशी उशी दिली, पाणी पाजलं. "तुमचं वय वाटत नाही हो," म्हणाली. मी विरघळले. घरचं विचारलं, दारचं विचारलं, झोप लागते का विचारलं. मग म्हणाली, "पित्त झालंय. पाच दिवस हे औषध घ्या, तिखट कमी खा." जाताना माझं पांघरूण सारखं करून गेली. पोर असावी तर अशी!

आता मार्क. प्रत्येकाने आपापले लिहायचे, शेजाऱ्याचे बघायचे नाहीत, मग वाचून दाखवायचे. सगळ्यांत वडीलधारे, पांढऱ्या केसांचे डॉक्टर आधी बोलले. "ही मुलगी उत्तम. काय आपुलकी!"

त्यांनी 'उत्तम' म्हणायचा अवकाश, तिघांनी आपल्या कागदावर खाडाखोड केली. पलंगावरून मला सगळं दिसत होतं. हे म्हणे परीक्षक! कॉपी करणारी पोरं परवडली. एकट्या माझ्या सुनेचं पेन हललं नाही. हिने आधीच 'उत्तम' लिहिलं असणार, दुसरं काय.

"आजी, तुम्हाला काय वाटतं?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"पोरीला पैकीच्या पैकी. फौजदार नापास."

सगळ्यांनी माना डोलावल्या.

"मी तिला नापास केलंय," सूनबाई म्हणाली.

मला वाटलं, हिचा गोंधळ झाला. "अगं, त्याला म्हणायचंय का तुला?"

"नाही आई. तिला."

"मॅडम, आजी स्वतः सांगतायत," पांढरे केसवाले म्हणाले.

"तिने माझा हात धरला होता गं!"

"धरला होता. आणि हात धरूनच तुम्हाला मरायला घरी पाठवलं."

"खोटं दुखणं आहे ते, बाई!"

"उद्या खरं असेल."

पांढरे केसवाले घसा खाकरून म्हणाले, "तिला माहीत असणार हो. विचारायचं राहून गेलं असेल."

"सर, तिला काय माहीत आहे ते मला दिसलं नाही. तिने काय विचारलं ते दिसलं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "त्याला बोलायचं कसं ते शिकवावं लागेल. तेही मी त्याला सांगणार आहे. पण तुम्ही त्याच्या हातून वाचला असता."

मी वाट बघत राहिले. आता म्हणेल, 'पण आईंचंही बरोबर आहे.' नेहमी म्हणते. नाही म्हणाली.

"आता हे तिलाच सांगा. आमच्यासमोर," मास्तरीणबाई म्हणाल्या.

गोडबोली हसतच आत आली. सूनबाईने आपली खुर्ची तिच्यासमोर ओढली.

"तू त्यांना धीर दिलास, ते चांगलं केलंस. पण कोणत्या गोळ्या घेता ते विचारलं नाहीस, शौचाचं विचारलं नाहीस. पोटातला रक्तस्राव तुझ्या हातून सुटला. मी तुला पास करत नाहीये."

पोरीचे डोळे भरले. तिने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं.

"आई, थांबा," सूनबाई मागे न वळता म्हणाली.

आणि मी थांबले. माझा आवाज माझ्या सासूनेसुद्धा कधी बंद केला नव्हता.

पोर रडत होती. सूनबाईचा आवाज कापला नाही. ती उठली नाही, 'जाऊ दे' म्हणाली नाही. पोरीचं रडू ओसरेपर्यंत समोर बसून राहिली. मग म्हणाली, "आता सांग, पुन्हा आलीस तर सुरुवात कुठून करशील?"

निघताना मी चपला पायात कोंबत म्हटलं, "चारचौघांत नाक कापलंस माझं."

"हो आई," ती म्हणाली. चुकलं म्हणाली नाही.

"आणि तुझ्या त्या खुर्चीचं काय झालं?"

"शिबिराच्या मॅडम बसा म्हणाल्या परीक्षेला. साहेबांना त्याच कळवतील." आवाजात आनंदही नव्हता. मनाने ती अजून त्या पोरीपाशीच होती.

ही सून लग्न होऊन आली तेव्हापासून माझ्या एक पाऊल मागून चालते. आज हॉस्पिटलच्या त्या लांब बोळातून आपल्याच विचारात पुढे गेली. वळणावरही तिने मागे पाहिलं नाही. थांब गं म्हणणाऱ्यातली मी नव्हे. भिंतीचा कठडा धरला आणि गुडघे कुरकुरले तरी पाय जरा भराभर उचलले.