दादांची थाप

"शेवटी दोन मिनिटं तुमचा तो थापे करून दाखवा, साहेब. लोक त्यासाठीच आलेत," रंगभूषेच्या खोलीत डोकावून निवेदक म्हणाला आणि धाकट्याने सवयीने मान डोलावली.

सत्तरी उलटली, डोक्यावरचे केस विरळ झाले, तरी हा नट घरात अजून धाकटाच होता. सिनेमात पन्नास वर्षं काढल्याबद्दल आज त्याचा सत्कार होता. नाट्यगृह दुपारीच भरून गेलं होतं, आणि पहिल्या रांगेत दादा बसले होते. त्याचे थोरले भाऊ. इतक्या वर्षांत दादा त्याच्या एकाही समारंभाला आले नव्हते. या वेळी मात्र धाकटा हट्टाला पेटला होता. आई-वडील गेले, आता माझ्या बाजूने बसायला तूच उरलास, असं म्हणून तो स्वतः गाडी घेऊन त्यांच्या दारात उभा राहिला होता. दादांनी त्याच्याकडे पाहिलं आणि चपला पायात सरकवल्या.

दादा लहानपणापासून बोलताना अडखळत. शब्द घशात अडकला की ते तळहाताने मांडीवर एक थाप मारत, बंद दार ठोठावावं तशी, आणि शब्द बाहेर पडे. घरात कुणाला त्याचं काही वाटत नसे. सगळेच थोरले भाऊ असे बोलतात, असं धाकट्याला कितीतरी दिवस वाटत होतं.

पुढे तो सिनेमात गेला आणि वर्षानुवर्षं कडेकडेनेच उभा राहिला. कधी नायकासाठी गाडीचं दार उघडायचं, कधी पहिल्याच गोळीला मरायचं. मग एकदा एका कारकुनाच्या दीड मिनिटाच्या कामासाठी दिग्दर्शकाने त्याला पुढे ओढलं आणि म्हणाला, काहीतरी करून दाखव, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. धाकट्याचं डोकं रिकामं झालं आणि त्या रिकाम्या डोक्यातून दादा बाहेर आले. तो अडखळला, त्याने मांडीवर थाप मारली, पुन्हा अडखळला, पुन्हा थाप मारली. दिवे धरणारी माणसं हसून हसून खाली बसली. एका प्रसंगाचे सात प्रसंग झाले, कारकुनाचं नाव थापे ठेवलं गेलं आणि सिनेमा त्या थापेच्या जिवावर चालला.

त्यानंतर त्याला हवालदार करा, डॉक्टर करा, न्यायाधीश करा, निर्मात्यांना थाप हवीच असे. किती नायक आले आणि गेले, थापे टिकला. त्या एका थापेवर धाकट्याचा संसार उभा राहिला.

तो पहिला सिनेमा दादांनी घरच्यांबरोबर पाहिला होता. परतताना रस्त्यात ते म्हणाले होते, "छ... छान केलंस." धाकट्याच्या जिवात जीव आला. त्याने ती परवानगी समजली आणि पुन्हा म्हणून तो विषय काढला नाही.

निवेदक खोलीतून बाहेर गेला आणि एक म्हातारे गृहस्थ आत आले. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत दादांबरोबर नोकरीला होतो, असं त्यांनी सांगितलं. खुर्ची ओढून बसले आणि जुन्या आठवणींत रंगले. तुमचा सिनेमा लागला तेव्हा काय धमाल होती म्हणून सांगू, म्हणाले. दादा तेव्हा बिलाच्या खिडकीवर बसत. ते बोलायला लागले की अख्खी रांग खिडकीच्या फळीवर थाप मारायची. बायका मारायच्या, पोरं मारायची. साहेबसुद्धा मुद्दाम काहीतरी विचारायला यायचे.

"आम्हीपण मारायचो हो," गृहस्थ हसत म्हणाले. मग जरा थांबले. "पुढे त्यांनी थाप सोडलीच. दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरून बसायचे. पण थापेशिवाय शब्द सुटेना. रांग खोळंबायची, लोक ओरडायचे. शेवटी आपणहून मागच्या दप्तरखोलीत बदली मागून घेतली. निवृत्त होईपर्यंत तिथेच होते. तिथे बोलायचं कामच नाही ना."

एवढं बोलून त्यांनी खिशातून फोन काढला आणि एक फोटो घेऊ का, असं विचारलं. धाकटा फोटोसाठी हसला. आपण हसलो हे त्याच्या नंतर लक्षात आलं आणि त्याला आपल्याच तोंडाची शिसारी आली.

दादांची थाप आपण शेवटची कधी ऐकली, ते तो आठवायला लागला. आठवेना. फोनवर दादा नुसतं 'हं' म्हणत. माझे बंधू फार मितभाषी आहेत, असं त्याने कितीदा मुलाखतींत कौतुकाने सांगितलं होतं.

तेवढ्यात बोलावणं आलं. रंगमंचावर भाषणं झाली, मानचिन्ह हातात आलं आणि निवेदकाने थापेचं नाव घेतलं. अख्ख्या नाट्यगृहाने एकदम मांड्यांवर थापा मारायला सुरुवात केली. पहिल्या रांगेत दादा दोन्ही हात काखेत घट्ट दाबून बसले होते.

धाकटा ध्वनिक्षेपकापाशी आला. ही थाप माझी नाही, ज्याची आहे तो समोर बसलाय, असं सांगून टाकायचं त्याने ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि त्याच्या ध्यानात आलं, की आपण हे बोललो की हजार माना दादांकडे वळतील. हजार माणसं त्यांना बघून हसतील, टाळ्याही वाजवतील. म्हणजे कबुली द्यायची तरी दादांच्याच जिवावर.

"मी..." तो म्हणाला आणि अडकला. "मी... म..."

नाट्यगृह हास्याने फुटलं. शिट्ट्या आल्या. त्याने ओठ मिटले, पुन्हा उघडले, शब्द काही येईना, आणि हसू वाढतच गेलं. एकटे दादा हसत नव्हते. ते खुर्चीत पुढे झुकले होते आणि त्याच्याकडे शांतपणे पाहत होते. दुसऱ्याचा शब्द येईपर्यंत थांबावं तसे ते थांबले होते. हा अभिनय नाही, हे त्या गर्दीत फक्त त्यांना कळलं होतं.

ती नजर धाकट्याला सोसवली नाही. "माफ करा," एवढंच तो कसाबसा म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले.

परतताना गाडीत धाकटा म्हणाला, "दादा, कचेरीतलं मला खरंच माहीत नव्हतं रे."

दादा खिडकीबाहेर बघत होते. त्यांचा गळा दोनदा हलला. हात मांडीवर निपचित पडले होते.

"तू क... कधी वि... विचारलं नाहीस," ते म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता.

थोडं पुढे गेल्यावर दादांनी औषधांच्या दुकानाकडे बोट दाखवून गाडी थांबवायला लावली. तू बस, मी आणतो, असं धाकटा म्हणाला. दादांनी मान हलवली आणि स्वतः उतरले. तोही मागोमाग गेला. दुकानात पाच-सहा माणसं होती. "बोला आजोबा," दुकानदार म्हणाला. दादांनी काउंटरची कड धरली आणि पहिलं अक्षर त्यांच्या ओठांवर अडकलं.

रांगेतल्या एका माणसाने धाकट्याकडे निरखून पाहिलं. त्याच्या डोळ्यांत ओळख उमटायला लागली. पुढचं सगळं धाकट्याला पाठ होतं. आता हा हसेल, मग याची नजर दादांकडे जाईल, मग याचा हात उठेल.

धाकट्याने घाईने रुमाल तोंडावर धरला आणि कोपऱ्यात जाऊन सगळ्यांकडे पाठ केली. समोर दंतमंजनाची खोकी रचलेली होती. एका खोक्यावरचा मजकूर तो पुन्हा पुन्हा वाचत राहिला. मागे दुकान गप्प होतं. दादांचा शब्द अजून यायचा होता. कुणीतरी घसा खाकरला.

मग औषधाचं लांबलचक नाव, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, दादांच्या आवाजात ऐकू आलं. दुकानदाराने किती गोळ्या हव्यात म्हणून विचारलं, तेव्हा दादांनी तेही सांगितलं.

दादा पुडी घेऊन पायऱ्या उतरून जाईपर्यंत धाकटा वळला नाही.