दगा-कमलची सतरंजी

मी एक सतरंजी बोलतेय. मला कुणी बाजारातून आणलेलं नाही. सुरतेत मागावरून साडीचं कापड उतरलं की त्याच्या कडेच्या पट्ट्या कापून टाकतात. त्या पट्ट्यांचे गोळे कमल घरी आणायची आणि ओट्यावर बसून विणायची. म्हणून माझ्या अंगावर रंगांचा काही मेळ नाही. गुलाबी सुरू होतो तो मध्येच संपतो, पुढे हिरवा, आणि एका टोकाला कुणाच्या तरी लग्नाच्या साडीची जरीची कड. साल एक्क्याण्णव असावं.

कमलचा नवरा दगा. दोघं नंदुरबारकडचे, राहायला सुरतेच्या पांडेसऱ्यात. दगा यंत्रमागावर बारा तासांची पाळी करायचा. मागांच्या खडखडाटात त्याला ओरडून बोलायची सवय लागली होती, पण चार माणसांसमोर उभा केला की आवाज घशातच अडकायचा.

दर रविवारी दुपारी आनंदा मास्तरांच्या घरी मराठी ख्रिस्ती मंडळींची सभा भरायची. मास्तर एका मराठी शाळेत शिकवायचे. सभेला वीस-बावीस माणसं, सगळी कारखान्यांतली. चर्चची इमारत नव्हती, पगारी पाळक नव्हता. मला अंथरलं की झालं. प्रार्थना लांबली की नवीन माणसं नकळत माझे धागे उपटत बसायची. कमल नंतर ते परत आत खोचायची आणि कुणाला काही बोलायची नाही. काय दिवस होते ते.

एका रविवारी मास्तर म्हणाले, तिकडे सचिन गावाच्या कारखान्यांत आपल्या खानदेशची शेकड्यानं माणसं आलीत. येशूची गोष्ट त्यांना त्यांच्या बोलीत सांगायला कुणीतरी जायला हवं. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. कमलची गेली नाही. तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"मास्तर, मी चौथी शिकलेला," दगा म्हणाला. "मला बोलता येत नाही."

"शिकलेलेच पाठवायचे असते, तर येशूनं मासे धरणाऱ्यांना कशाला हाक मारली असती?" मास्तर म्हणाले.

मग त्या दोघांना माझ्यावर गुडघे टेकायला लावून सगळ्यांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवले आणि त्यांना या कामावर पाठवलं. रंगाचे डाग पडलेले, सुतानं चिरलेले हात होते ते. मला ते अजून आठवतात.

तेव्हापासून दर सुट्टीच्या दिवशी सकाळी मला गुंडाळून सायकलच्या कॅरियरला बांधायचे. कमल पुढच्या दांडीवर बसायची. सचिनला एका चाळीच्या अंगणात लिंबाखाली मला पसरायचे. कमल गाणी म्हणायची तोवर बायका बसायच्या. मग दगा उठून मास्तरांनी लिहून दिलेलं पाठ म्हणून दाखवायचा. पुस्तकी भाषा ती. त्याची त्यालाच कळत नव्हती. ऐकणारे एकेक करून उठायचे. चाळीत त्याला सतरंजीवाला म्हणू लागले. तीन वर्षं असंच चाललं. दगानं जाणं मात्र सोडलं नाही.

पांडेसऱ्यात त्यांच्या शेजारच्या खोलीत भाईदास राहायचा. तोही खानदेशचा, पण रंगाईच्या कारखान्यात. बायको-पोरं गावाकडे, म्हणून बरेचदा कमलच्या हातचंच जेवायचा. खोलीत गणपतीची तसबीर होती, रोज उदबत्ती लावायचा. दगाची थट्टा करायचा, की मालक आठवड्यातून एक दिवस सोडतो, तुझा देव तेवढाही सोडत नाही. दोघांचं भावाभावांसारखं होतं.

मग चौऱ्याण्णवचा सप्टेंबर आला. शहरात प्लेगची बातमी पसरली. लोकांनी तोंडाला रुमाल बांधले, औषधाच्या दुकानातल्या गोळ्या संपल्या, कारखाने बंद झाले आणि माणसांचे लोंढे स्टेशनकडे निघाले. त्याच धावपळीत एका दुपारी भाईदास तापानं फणफणला. खोकल्यानं त्याला बसवत नव्हतं. दगा त्याच्या दारातूनच म्हणाला, "पडून राहा. मी रिक्षा घेऊन येतो."

तो गेला आणि थोड्याच वेळात मागच्या बोळानं घरात आला. एकटाच. तोंड पांढरं पडलेलं. मला जमिनीवर पसरलं, माझ्यात दोन भांडी, कपडे आणि पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, टाकून गाठोडं बांधलं. कमलनं विचारलं, भाईदासभाऊंची रिक्षा कुठंय. दगा म्हणाला, कुणीतरी आणील. कमल दारापर्यंत गेली, थांबली, आणि मग तीही त्याच्या मागून निघाली.

उधन्याच्या स्टेशनात गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. दगानं मला छातीशी धरलं होतं. त्याचं काळीज इतकं धडधडत होतं, की माझ्यातली भांडी वाजताहेत असं वाटावं.

गावात कुणी शिवेच्या आत येऊ दिलं नाही. सुरतेहून आलेल्यांना शिवेबाहेरच्या शाळेच्या ओसरीत राहायला सांगितलं. दगाचा सख्खा भाऊ भाकरी आणायचा, पंधरा पावलांवर ठेवायचा आणि मागे न बघता जायचा. दगा दिवसभर भिंतीकडे तोंड करून माझ्यावर पडून असायचा. शास्त्र उशाशी होतं, ते त्यानं उघडलं नाही.

नवव्या दिवशी कमल म्हणाली, "गाडीत मीही चढले. तुम्हाला एकट्याला बोल लावत नाही. पण आता मला परत जायचंय."

ते परतले तेव्हा भाईदास ओट्यावर बसला होता. अंगावर नुसती हाडं. कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्या एका लारीवाल्यानं त्याला आपल्या हातगाडीवर घालून सिव्हिलमध्ये पोचवलं होतं. ताप प्लेगचा नव्हता, दुसराच निघाला होता. दगा गाठोडं हातात घेऊन तसाच उभा राहिला.

भाईदास त्याच्याकडे बघत म्हणाला, "रिक्षाला गेला होतास ना? फार लांब गेलास."

"मी रिक्षा शोधलीच नाही," दगा म्हणाला.

"माहीत आहे. गाठोडं घेऊन जाताना पाहिलं मी तुम्हाला."

एवढं बोलून तो आत गेला. कमल रोज त्याच्या दारात ताट ठेवायची. तो जेवायचा, ताट धुऊन परत ठेवायचा. दगाशी बोलायचा नाही.

त्या रविवारी दगानं माझी घडी करून मास्तरांच्या पायाशी ठेवली. म्हणाला, मला पाठवण्यात चूक झाली, दुसरा माणूस बघा. मास्तर म्हणाले, "दुसरा कुठून आणू? मीही उधन्याहूनच गाडी धरली होती, दगा. तुझ्या आदल्या दिवशी." मला उचलून त्यांनी परत त्याच्या हातात दिलं.

पुढच्या सुट्टीला आम्ही सचिनला गेलो. दगानं खिशातला कागद काढलाच नाही. खाली बघून, घरात बोलतो तशा अहिराणीत तो म्हणाला, "मी पयी गयथू." मी पळून गेलो होतो. मग भाईदासचा ताप, रिक्षा, मागचा बोळ, सगळं सांगितलं. पकडायला माणसं आली तेव्हा येशूलाही त्याचेच सोबती सोडून पळाले होते, हेही सांगितलं. आणि तो मरणातून जिवंत उठल्यावर त्याच पळपुट्यांकडे परत गेला, त्यांनाच जगभर जायला सांगितलं, हे सांगून तो खाली बसला.

अंगणात कुणी उठलं नाही. त्या चाळीतली बहुतेक माणसं कुणाला ना कुणाला मागे टाकून पळाली होती.

एका म्हातारीनं विचारलं, "तो शेजारी तुझ्याशी बोलतो का आता?"

"नाही," दगा म्हणाला. म्हातारीनं चपला बाजूला सारल्या आणि माझ्यावर नीट मांडी घालून बसली.

तिथून पुढे बसायला मी पुरेनाशी झाले. महिना-दीड महिन्यानं एका सकाळी दगा मला सायकलला बांधत होता, तेव्हा भाईदास बाहेर आला. दोरीचं दुसरं टोक त्यानं धरलं. म्हणाला, "मीही येतो. माझ्याबद्दल काय सांगतोस ते ऐकू दे." लिंबाखाली तो माझ्या कडेला बसला आणि दगा बोलत असताना मध्येच म्हणाला, ताप एकशे चार होता, नीट सांग. लोक हसले. पहिल्यांदाच दगाही हसला.

भाईदासनं बाप्तिस्मा घेतला नाही. त्याचा गणपती त्याच्या भिंतीवर राहिला. पण सुट्टी असली की तो सचिनला यायचा. दगानं त्याबद्दल त्याला कधी छेडलं नाही.

नव्व्याण्णवात मंडळींनी दगा-कमलला समुद्राकाठी हजिऱ्याकडे पाठवलं. तिकडे मोठे कारखाने उभे राहत होते, नवी माणसं येत होती. एव्हाना मी मधोमध विरले होते. कमलनं नवी विणली होती. निघताना ती मला फाडून पायपुसणी करावी म्हणत होती, तेव्हा भाईदासनं मला तिच्या हातातून घेतलं.

"ही राहू दे माझ्याकडे," तो म्हणाला. "तुम्ही याल तेव्हा बसायला काय टाकू?"

तेव्हापासून मी त्याच्या खोलीत आहे. सचिनच्या अंगणाची, त्या दाटीवाटीनं बसलेल्या माणसांची फार आठवण येते. दगा-कमल वर्षातून एखाद्या वेळी येतात. तिकडचं काम त्यांना सोडत नाही, हे मला कळतं. हजिऱ्याकडे जाणारं कुणी असलं, तर त्यांना एवढंच सांगा, की दर रविवारी सकाळी भाईदास मला झटकून ओट्यावर टाकतो आणि दुपारपर्यंत बोळाकडे बघत बसतो.