खुब्याची रांग

मोठ्या बाई हॉस्पिटलच्या हाडांच्या विभागाच्या प्रमुख होत्या, आणि तिथे वशिला चालत नसे. उपचार सगळ्यांना फुकट होते, खुबा बदलून हवा असलेले लोक शेकडो होते आणि ऑपरेशन थिएटर एकच होतं. म्हणून रांग. ती मोडायची नाही, हा नियम बाईंचाच. एकदा एका मंत्र्याच्या सासूलाही त्यांनी रांगेत उभं केलं होतं. सासूबाईंना उभं राहता येत नव्हतं, तोच तर आजार होता. पण नाव शेवटीच लागलं.

मग बाईंच्या थोरल्या भावाचा खुबा गेला. दादा तिसऱ्या मजल्यावर राहायचा आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. दिवसभर तो खिडकीत बसून खालच्या रस्त्यावरच्या ओळखीच्या लोकांना हाका मारायचा. वर यायला कोणाला वेळ नसायचा.

"छकुले, मला आता चौघंच खाली उतरवणार," तो फोनवर म्हणाला.

"नंबर लागला की होईल," बाई म्हणाल्या.

विभागात त्यांनी कोणापाशी शब्द टाकला नाही. तो आपला भाऊ आहे हेसुद्धा बोलल्या नाहीत. अर्थात ते सगळ्यांना कळलं, आणि सगळ्यांना भरून आलं.

एका सकाळी बाई थिएटरपाशी पोचल्या, तर दारात स्ट्रेचरवर हिरवा झगा आणि टोपी घालून दादा.

"तू इथे कसा?"

"नंबर लागला. तुला मुद्दाम कळवलं नाही. उगाच लोक म्हणायचे, बहिणीनं वशिला लावला."

बाईंनी वॉर्डच्या सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनी ऑक्सिजनच्या सिलिंडरकडे पाहिलं.

"आज कोणाची पाळी होती, सिस्टर?"

"ते बसचे ड्रायव्हर, बाई. त्यांना म्हटलं, पुढच्या आठवड्यात घेऊ."

"का?"

"तुम्ही सख्ख्या भावासाठी तोंडातून एक शब्द काढला नाहीत. आम्हालाच कसंतरी व्हायला लागलं. इतक्या सचोटीचं काही चीज व्हायला नको?"

"सगळ्यांनी मिळून ठरवलं," भूलतज्ज्ञ म्हणाले. त्या विभागात एकमत होण्याची ती पहिलीच वेळ होती.

"दादा, उतर खाली."

"उतरता आलं असतं, तर आलो असतो कशाला?"

"ड्रायव्हरना आणा. आज त्यांचंच ऑपरेशन होईल."

"त्यांचा नाश्ता झालाय, बाई," सिस्टर हळूच म्हणाल्या. "आज नाही म्हटल्यावर मीच दिला. चहा, ब्रेड, दोन अंडी. वाईट वाटत होतं ना."

भरल्या पोटी भूल देता येत नाही. त्यांच्यामागच्या नंबरची माणसं आपापल्या घरी होती, तीही बहुधा नाश्ताच करत असणार. आत दिवे लागले होते, हत्यारं निर्जंतुक करून मांडली होती, आणि साऱ्या विभागात उपाशी माणूस एकच होता.

हात धुऊन तयार असलेला सर्जन म्हणाला, "बाई, यांचं करून टाकू. नाहीतर दिवस फुकट जाईल आणि रांग एकानं वाढेल. त्याचा भुर्दंड सगळ्यांनाच."

बाईंनी त्याचं म्हणणं मनातल्या मनात दोनदा तपासलं. चूक सापडली नाही.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण आज हे चालवून घेतलं, तर उद्यापासून इथे रांग मोडायला पुढच्या माणसाला नाश्ता दिला की पुरे."

स्ट्रेचर परत गेलं. दिवे मालवले. दुपारपर्यंत ही हकिकत हॉस्पिटलभर झाली आणि बाईंचा भाव आणखी वधारला. दुसऱ्या विभागाचे डॉक्टर त्यांचं अभिनंदन करायला येऊन गेले. बाईंना मात्र घास गेला नाही.

संध्याकाळी त्या वॉर्डात गेल्या. दादा आणि ड्रायव्हर शेजारशेजारच्या खाटांवर होते आणि एव्हाना त्यांची चांगली गट्टी जमली होती.

"उद्या तुमचं नक्की," बाई ड्रायव्हरना म्हणाल्या. "झाल्या प्रकाराबद्दल माफ करा."

"माझं काही नाही, बाई. फक्त मला कोणी विचारलं नाही." ड्रायव्हरनी पाठीमागची उशी सारखी केली. "विचारलं असतं तर मी नाहीच म्हणालो असतो, म्हणा."

"न्याय तो न्याय," दादा त्यांना म्हणाला. "तुम्हाला खाऊ घालून केला, मला उपाशी ठेवून." मग तो बहिणीकडे वळला. "आता मी कुठे, छकुले?"

"होतास तिथेच."

"म्हणजे तिसऱ्या मजल्यावर," दादा म्हणाला.