नमुना कुणाचा?

प्रयोगशाळेतल्या संगणकाच्या पडद्यावरची ओळ तिने तीनदा वाचली. जनुकाची एक प्रत बिघडलेली, दुसरी धड. म्हणजे वहिनीच्या पोटातलं बाळ नुसतं वाहक. त्याला आजार होणार नव्हता.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने मान वाकडी करून पाहिलं. "सुटलात की हो! लावा भावाला फोन."

"थांब जरा." तिने फोन बाजूला सारला.

भावाची थोरली मुलगी सहा वर्षांची झाली, तरी तिला वर्षाच्या बाळाची टोपी बसायची. पेशी विभागताना दोन्हीकडून धागे ताणून धरणारे दोन ठिपके असतात. त्यांतलं एक प्रथिन ज्या जनुकावरून घडतं, त्याच्या या मुलीकडच्या दोन्ही प्रती सदोष होत्या, म्हणून तिच्या मेंदूच्या पेशी पुरेशा वाढल्याच नव्हत्या. एक दोष आईकडचा, दुसरा वेगळा, बापाकडचा.

या बाळात फक्त आईकडचा दोष सापडला होता. तेच तिला खुपत होतं. वहिनीचं स्वतःचं रक्त तपासलं असतं तरी अगदी हेच उत्तर आलं असतं. आणि गर्भजलाची नळी आली तेव्हा लालसर होती. सुईबरोबर आईचं रक्त उतरलं असेल, तर हे उत्तर बाळाचं नव्हतंच.

फोन वाजला. "ताई, कळलं का काही?"

"संध्याकाळी सांगते."

"आवाज असा का येतोय?"

"सर्दी झालीय."

"लहानपणापासून खोटं बोलताना तुला सर्दीच होते."

तिने फोन ठेवला आणि आई, बाप, बाळ असे तिघांचे नमुने शेजारी शेजारी लावले. जनुकसंचातल्या ओळख पटवायच्या सोळा जागा; प्रत्येक जागी दोन आकडे, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. पहिल्या जागी नवरा-बायकोचे आकडे सारखेच; उपयोग शून्य. दुसऱ्या जागीही तेच.

तिसरी जागा. आईचे बारा आणि पंधरा, बापाचे चौदा आणि सतरा. बाळाचे बारा आणि चौदा. आईचं रक्त मिसळलं असतं तर तिचा पंधराही उमटला असता; तो तिने बाळाच्या आलेखात शोध शोध शोधला. तिथे रेघ सपाट होती. उरलेल्या जागाही तिने पाहिल्या; आईचा जादा आकडा कुठेच नव्हता.

मग तिने भावाला फोन लावला. "नमुना बाळाचाच आहे. हा आजार त्याला नाही."

मग फोन वहिनीच्या हातात गेला.

"वन्सं, पुन्हा एकदा बघता?"

"बघितलं गं."

"तरी."

तिने खुर्ची पुढे ओढली आणि ती फोनवरच पहिल्या जागेपासून एकेक आकडा मोठ्याने वाचायला लागली.