पप्पा झोपलेत

मोनिकाच्या घरात एकच कायदा होता: पप्पा झोपलेत. साहेबराव कंपनीत कायमचे रातपाळीला. सकाळी यायचे, दोन घास खायचे आणि आडवे व्हायचे. मुकुंदवाडीतलं घर ते केवढं! पुढं खोली, मागं स्वयंपाकघर. मोनिकाची आई सुरेखा कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद करायची. आणि अशा घरात पोरीला गाण्याचं वेड लागावं! स्वतःच शब्द जुळवायची, स्वतःच चाल लावायची आणि डोक्यावरून गोधडी घेऊन मोबाईलमध्ये हळूच गायची, मैत्रिणीच्या कानात गुपित सांगावं तसं.

तसली गाणी तिनं नेटवर टाकली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. बिडकीनची भावकी, जी एरवी लग्नाला बोलवायलाही विसरायची, ती फोन करून "आमची मोनिका" म्हणायला लागली. मग क्रांती चौकातल्या स्टुडिओवाल्या केयूरचा निरोप आला, "तुझं ते बोरीच्या झाडाचं गाणं नीट रेकॉर्ड करू."

साहेबराव नुकतेच पाळी करून आलेले, डोळे लालभडक. तरी म्हणाले, "मीच सोडतो गाडीवर. पोरीला एकटं धाडू व्हय?"

स्टुडिओत काचेच्या आत मोनिका, बाहेर केयूर, त्याच्या मागं सोफ्यावर साहेबराव. केयूरचं बोलणं तिला हेडफोनमधून ऐकू यायचं. केयूर म्हणाला, "इथं आवाज बाहेर जात नाही. मोकळ्या गळ्यानं गा."

ती गायली. मोकळ्या गळ्यानंच गायली, पण गाणं शाळेतल्या प्रार्थनेसारखं झालं. मग मुद्दाम हळू गायली, तर ते नाटकी वाटलं. एसीत घाम फुटला पोरीला. दुपार निम्मी सरली तसा केयूरनं मान हलवली.

"गाणं सुंदर आहे गं. पण आपण दुसऱ्या कुणाकडून गाऊन घेऊ. लिहिणारी म्हणून नाव तुझंच राहील."

मोनिकाला ते पटेना. आपलं लेकरू दुसरीच्या कडेवर द्यायचं आणि लांबून बघायचं? नाय म्हणजे नाय! डोळे भरून आले तिचे.

"अजून एकदा," ती म्हणाली.

"बरं, शेवटचं," केयूर जरा जोरातच म्हणाला आणि त्यानं खुर्ची करकरत पुढं ओढली.

मोनिकाची नजर काचेपलीकडं गेली. साहेबरावांची मान मागं कलंडलेली, तोंड उघडं. ढाराढूर!

"अहो, हळू ना," ती माईकमध्ये कुजबुजली. "पप्पा झोपलेत."

आणि त्याच दमात तिनं गाणं धरलं. केयूरनं घाईघाईनं बटण दाबलं. तोच आवाज होता, गोधडीतला, जपून, जवळून आलेला. गाणं संपलं तसं केयूरनं बटण हळूच बंद केलं. मग तोही कुजबुजत म्हणाला, "झालं. हेच पाहिजे होतं."

गाणं निघालं आणि गाजलं. कंपनीच्या कँटीनमध्येसुद्धा वाजलं. सुट्टीच्या दिवशी दुपारी साहेबराव खाटेवर ताठ बसले.

"साऱ्या गावानं ऐकलं. समोर बसून मीच नाय ऐकलं. म्हण बाई, चांगलं मोठ्यानं म्हण. आज झोपायचं नाय."

मोनिकाला लाज वाटली, हसू आलं, आणि लई आनंदही झाला. तिनं आवाज लावला, घर भरून टाकणारा. साहेबराव डोळे मिटून डोलत होते. दुसऱ्या कडव्याला डोलणं थांबलं, ते बसल्या जागी उशीवर कलंडले आणि घोरणं सुरू झालं.

सवयीनं मोनिकाचा आवाज एकदम खाली आला. तशी स्वयंपाकघरातून सुरेखा पदरानं डोळे पुसत, हसत हसतच बाहेर आली.

"अगं म्हण की! हे काय ढोल वाजवला तरी उठायचे नायत. इतकी वर्षं आपण मायलेकी उगंच कुजबुजलो!"

मोनिका पोट धरून हसली आणि तिसरं कडवं तिनं खिडक्या हादरतील एवढ्या मोठ्यानं म्हटलं. साहेबराव कूस बदलून निवांत झोपले.