फादर कुंदनची सोयरीक

आमच्याकडचे बिशप थकले, तेव्हा त्यांच्या जागी धारणीचे फादर कुंदन यावेत, असं आसपासच्या साऱ्या बिशपांनी एकमतानं सुचवलं. पण नेमणूक करतात पोप, आणि पोपच्या कानाशी असतात त्यांचे दिल्लीतले राजदूत. बिशपांचं एकमत म्हटलं की या राजदूतांना पित्त व्हायचं. त्यांनी गुप्त चौकशी लावली. नियम असा कडक, की ज्याची चौकशी त्याला वासही लागता कामा नये.

पांढऱ्या जीपमधून एक गृहस्थ धारणीत उतरला. फादरांचा स्वभाव कसा, दारू पितात का, तब्येत कशी, घराणं कसं, असं दबक्या आवाजात विचारत फिरला. आता वऱ्हाडात असं कोण विचारतं? पोरीवाले. लोक समजले, फादर लगन करून राहिले. आणि जुळत आलेली सोयरीक मोडणं म्हणजे आमच्याकडे महापाप. मग काय, स्तुतीला ऊत. मिशनमध्ये स्वयंपाक करणाऱ्या दुर्गाबाईनं सांगितलं, ताटात पडेल ते खाते, बायकोवर कधी आवाज चढवणार नाही. नत्थुजी म्हणाला, घाटात बंद पडलेली एसटी फादरनं एकट्यानं ढकलत वर नेली, अन् वर गेल्यावर कंडक्टरनं त्यायचंच तिकीट फाडलं. भगवंत बँडवाला तर लग्नाची तारीखच मागून बसला.

अहवाल गेला. राजदूत तडक अकोल्यात आले, आमचे थकलेले बिशप आणि फादर दोघांनाही बोलावलं. लग्न न करण्याचं व्रत घेतलेला उमेदवार नवरदेव निघाला, म्हणाले. बिशपांनी इकडची रीत परोपरीनं समजावली. राजदूतांना पटेना. त्यांनी फादरांनाच विचारलं, लग्न करताय का?

"नाही जी," फादर म्हणाले. "पण हे मलेच आधी विचारलं असतं, तं जीपचं डिझेल वाचलं असतं."

राजदूतांचा चेहरा खुलला. उमेदवाराला चौकशी कळली, म्हणजे गुप्तता फुटली. नाव बाद.

"फोडली कोनं?" बिशप म्हणाले. "तुमीच तं विचारलं."

कोणी फोडली, याबद्दल नियमात काही नाही, असं राजदूतांनी शांतपणे सांगितलं.

शेवटी त्यांच्या मर्जीतला दिल्लीचा माणूस बिशप झाला. चौकशी त्याचीही रीतसर झाली. जीप धारणीपासून हिवरखेडपर्यंत फिरली, पण त्याच्याविरुद्ध अवाक्षर ऐकू आलं नाही. येणार कुठून? त्याला इकडे कोणी पाहिलेलंच नव्हतं.