सोवळ्यातले दार

आई गेली तेव्हा अण्णांनी नातेवाइकांना कार्डे टाकली. त्यांत हृदयविकार असे लिहिले होते. डॉक्टरांनी सांगितलेले कारण वेगळे होते. पौषातली थंडी होती, आई सोवळ्यात होती, म्हणून स्वयंपाकघराचे दार लोटलेले आणि खिडकी बंद. आत कोळशाची शेगडी. कोळसा नीट फुलला की धूर करत नाही, म्हणून तो निर्धोक वाटतो. बंद खोलीत त्याचा वायू ना दिसतो, ना त्याला वास येतो.

पुढच्या दिवाळीनंतर द्वारकाआत्या महूहून अण्णांचे बघायला आली. अण्णांची थोरली बहीण. तिलाही हृदयविकारच माहीत होता. मार्गशीर्षात थंडी पडताच तीही त्याच शेगडीपुढे दार लोटून बसू लागली.

मी शाळेत शिकवून आले की रोज शेगडी बदलायचा विषय काढी. लाकडे नकोत, अण्णांना खोकला आहे. स्टोव्ह स्वस्त पडतो, पण पंप मारताना भडका उडतो आणि आत्याचा पदर सुटलेला असतो. विजेच्या शेगडीला ओल्या लुगड्याने हात लावणे म्हणजे मरणाला बोलावणे. राहिला गॅस. सुरुवातीला खर्च मोठा, पुढे महिन्याचा हिशेब कोळशाइतकाच.

"एम.ए. झालीस म्हणून अग्नीलाही पास-नापास करणार का ग चारू?" आत्या म्हणाली. "आणि तो डबा कोण कोण हाताळत असेल!"

"कोळसा काय देवळातून येतो?"

"कोळसा जळून शुद्ध होतो. शाळेत शिकवत नाहीत वाटतं."

अण्णा वर्तमानपत्राआड हसले. मी दुसऱ्याच दिवशी नाव नोंदवले आणि दोन महिन्यांनी आमचा नंबर लागला.

गॅस जोडायला हरी नावाचा माणूस आला. आत्या दूर, तुळशीपाशी उभी राहून बघत होती. त्याने नळीच्या जोडाला साबणाचे पाणी लावले, बुडबुडा येत नाही हे दाखवले. मग म्हणाला, "बाईसाब, एक बात याद रखना. ये गॅस भारी रहती है, नीचे बैठती है. किवाड़ बंद करके मत पकाना. बिल्कुल नहीं."

"किवाड़ खुला रहेगा तो फिर सोवळ्याचं काय?" आत्याने अर्धे हिंदीत, अर्धे मराठीत विचारले.

"वो आप देख लो, माताजी," म्हणून तो पाने-पकडी आवरून गेला.

आत्याने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले. "बघ. एवढा खटाटोप केलास, आणि दार उघडंच ठेवायचं. मग माझी शेगडी काय वाईट होती?"

मी इंधने तोलत बसले होते, आणि प्रश्न दाराचा होता. हे मला मार्गशीर्षातच बोलायला हवे होते. ओसरीवर बसलेले अण्णा उठून आत गेले.

"आत्या, आई हृदयाने गेली नाही," मी म्हटले. "त्या दारामागे, शेगडीच्या वायूने गेली. भांड्यांचा आवाज थांबला होता. मी बाहेर उभी होते, दोनदा हाक मारली. तिने ओ दिली नाही. मी शाळेच्या कपड्यांत होते. आत गेले तर तिला विटाळ होईल, पुन्हा आंघोळ करावी लागेल, एवढ्या थंडीत, म्हणून मी दार ढकललं नाही. पंधरा मिनिटं थांबले."

आत्या पायरीवर बसली.

"वहिनीला सोवळ्याची शिस्त मी लावली होती," ती म्हणाली. "लग्न होऊन आली तेव्हा."

थोड्या वेळाने तिने विचारले, "दार किती उघडं ठेवायचं?"

"पूर्ण. खिडकीही."

"आणि तू उंबऱ्याबाहेर राहायचं. शिवाशिव नको."

"हाक मारल्यावर तू ओ दिलीस तर राहीन. नाही दिलीस तर आत येईन, असेन तशी."

आत्याने माझ्या पायांतल्या चपलांकडे पाहिले.

"ये," ती म्हणाली. "मी परत आंघोळ करीन."